समजलं का? – होऽऽऽ!

(आपल्या १९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोन करून सांगितलं, "तू अमेरिकेत शिकलीस ना, त्यावर पंधरा मिनिटं बोल." मी लगेच "हो" म्हटलं. फोन ठेवल्यावर विचारात पडले. इथे बसलेल्यांपैकी निदान दहा-बारा जण अमेरिका बघून आलेत, काहींची मुलं आज तिकडे शिकताहेत. बर्फ, रुंद रस्ते, दुकानातले ब्रेडचे चाळीस प्रकार, यातलं मी तुम्हाला नवीन काय सांगणार? म्हणून मी आज, गेली कित्येक वर्षं घरीसुद्धा जे नीट सांगितलं नव्हतं ते सांगणार आहे. अमेरिकेतल्या पहिल्याच सेमिस्टरला मला शून्य मिळालं होतं. दहावीला शाळेत दुसऱ्या आलेल्या मुलीला शून्य! पहिला आलेला समोर बसून हसतोय, त्याने हसून घ्यावं.

सुरुवात मात्र आपल्या शाळेपासूनच करते. सातवीत आपल्याला ग्रंथालयाचा तास असायचा, आठवतंय? कपाटातलं वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक वर्गभर फिरत होतं. माझ्या हाती आलं तेव्हा त्याचं मुखपृष्ठ चिकटपट्टीने चिकटवलेलं होतं. गुलामीत जन्मलेला पोरका मुलगा शिकण्यासाठी गावोगाव वणवण करतो, हे वाचून मी रडले होते. पुढे इंजिनिअरिंग झाल्यावर एम.एस.साठी अर्ज केले आणि ज्या विद्यापीठातून मदतीसह प्रवेश मिळाला ते निघालं आयोवा राज्यातल्या एम्स गावचं. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९१ साली जिथे पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी म्हणून दाखल झाला, तेच हे विद्यापीठ. १८९४ मध्ये तिथे तो पदवीधर झाला आणि १८९६ मध्ये एम.एस. झाला. आज तिथे त्याच्या नावाची इमारत आहे, कार्व्हर हॉल. विद्यापीठात त्याचा पुतळाही आहे. मला वाटलं, चला, ओळखीचा एक माणूस तरी तिथे आहे.

ऑगस्ट २००२ मध्ये मी निघाले. डॉलर तेव्हा ४८ रुपयांच्या आसपास होता. वडिलांनी कराडचं घर तारण ठेवून कर्ज काढलं होतं. दोन बॅगांत कुकर, पोळपाट-लाटणं, कांदा-लसूण मसाला, भाजणी आणि आईने जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून दिलेला कृष्णामाईचा अंगारा. मुंबई, फ्रँकफर्ट, शिकागो, डे मॉइन आणि तिथून गाडीने उत्तरेला पाऊणेक तास. दोन्ही बाजूंना मका, मका आणि मका. आपल्याकडे उसाच्या फडातून रस्ता जातो तसाच, फक्त फडाला अंत नाही. एम्सची वस्ती तेव्हा आपल्या कराडएवढीच, ५०-५५ हजारांची, आणि त्यातले जवळपास निम्मे विद्यार्थी. त्यामुळे गाव लहान म्हणून मी बुजले नाही. थंडी, जेवण, उच्चार या गोष्टींची भीती सगळ्यांनी आधीच घालून ठेवली होती. उणे २० च्या थंडीची दोन महिन्यांत सवय होते. गाठ पडली ती भलत्याच गोष्टीशी. आपल्या रोजच्या बोलण्यातले तीन अगदी साधे शब्द तिथे चालेनात.

पहिला शब्द 'नको'.

पोहोचल्यावर दुसऱ्या आठवड्यात एका वयस्कर शेतकरी जोडप्याने आम्हा चार नव्या भारतीय मुलींना जेवायला बोलावलं. उकडलेली मक्याची कणसं, बटाटे, गरम ब्रेड. मी थोडंसं घेतलं. परक्या घरी पहिल्या वेळी ताट भरून घ्यायचं नसतं, हे आपल्याला कोणी शिकवलेलंही नसतं, ते अंगातच असतं. आजींनी विचारलं, "अजून घेणार?" मी म्हटलं, "नको, नको." त्यांनी मान डोलावली, भांडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. मी बघतच राहिले. आपल्याकडे पाहुण्याचं पहिलं 'नको' हे नको नसतंच. मी हावरट नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या 'नको'ला आवाज जरा खाली येतो. तिसऱ्या वेळी वाढणारी बाई विचारत नाही, वाढते. मग सफरचंदाचा पाय आला, आजींनी खास आमच्यासाठी भाजलेला. वासानेच पोटात कालवाकालव होत होती. चौघीही शहाण्या घरच्या. चौघींनी "नको" म्हटलं. रात्री अकरा वाजता आम्ही खोलीवर बसून चिवड्याचा पुडा फस्त केला आणि "काय बाई ही माणसं, आग्रह म्हणून नाही," असं म्हणून हसलो.

वर्षभराने आजींची चांगली ओळख झाली, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्हा मुलींना माझा पाय बघूनच आवडला नव्हता, नाही का? मला फार वाईट वाटलं होतं." मी काय बोलणार? आम्ही त्यांना माणूसघाणं ठरवून मोकळ्या झालो होतो आणि त्यांनी आमच्या शब्दाचा फक्त मान राखला होता.

दुसरा शब्द 'हो'.

माझे मार्गदर्शक प्राध्यापक पहिल्याच भेटीत म्हणाले, मला नावाने हाक मार. आता आपण सरांना नुसत्या नावाने कसं हाक मारणार? मी दोन महिने त्यांना कसलीच हाक मारली नाही. त्यांनी माझ्याकडे बघेपर्यंत दारात उभी राहायचे. ईमेलची सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' अशी करायचे आणि उत्तराखाली त्यांचं नुसतं पहिलं नाव असायचं. त्यांच्या प्रयोगशाळेत मला आठवड्याला २० तासांचं काम होतं, त्यातून फी माफ आणि महिन्याचा खर्च सुटायचा. सप्टेंबरमध्ये त्यांनी फळ्यावर आकृती काढून मला काम समजावलं आणि विचारलं, समजलं ना? मला अर्धंच समजलं होतं. पण तोंडातून "हो" निघालं, वर मानही आपल्या पद्धतीने डोलली.

दोन आठवडे मी चुकीच्या दिशेने काम करत होते. ते बघून ते रागावले नाहीत, गोंधळले. म्हणाले, "पण तू तर समजलं म्हणालीस." मला त्यांना सांगता येईना की आमच्या वर्गात 'समजलं का?' हा प्रश्न नसतो. ती धडा संपल्याची घंटा असते. बाई विचारतात आणि साठ पोरं एका सुरात ओरडतात, "होऽऽऽ!" ज्याला समजलं तोही आणि ज्याला नाही तोही. "नाही" म्हणणं म्हणजे बाईंनी नीट शिकवलं नाही असं म्हटल्यासारखं. शिवाय मागच्या बाकावरचे हसणार, ते वेगळंच.

त्याच महिन्यात आणखी एक धक्का बसला. एका मुलाने भर वर्गात प्रश्न विचारला आणि सर क्षणभर थांबून म्हणाले, "मला माहीत नाही. बघून सांगतो." मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी हसलं नाही, कुजबुजलं नाही, सरांचा मान कमी झाला नाही. पुढच्या तासाला ते उत्तर घेऊन आले. मी वर्गात पहिल्यांदा हात वर केला तो सहाव्या आठवड्यात. छातीत इतकं धडधडत होतं की स्वतःचाच प्रश्न मला नीट ऐकू आला नाही.

आणि आता ते शून्य.

ऑक्टोबर महिना. ऑपरेटिंग सिस्टिमच्या विषयाला प्रोग्राम लिहून द्यायचा होता, कॉम्प्युटरच्या मेमरीची वाटणी करणारा. रात्री बाराची मुदत. माझा संध्याकाळीच झाला होता. नऊ वाजता माझी हैदराबादची रूममेट रडवेली होऊन आली. तिचा चालतच नव्हता. मी क्षणाचाही विचार न करता माझी फाइल तिला दिली. यात विचार करण्यासारखं काय होतं? आपण शाळेत एकमेकींना वह्या दिल्याच ना? इंजिनिअरिंगला तर एक जण जर्नल लिहायचा आणि सगळी बॅच ते उतरवायची. ड्रॉइंगच्या शीट काचेखाली दिवा लावून छापायच्या, त्याला आम्ही 'जीटी मारणे' म्हणायचो. जो वही देत नाही तो खडूस, आणि देतो तो दोस्त. प्रत्येक असाइनमेंटवर एक ओळ छापलेली असायची की हे काम माझं स्वतःचं आहे, आणि खाली सही. जर्नलच्या सर्टिफिकेटवर करतो तशीच सही मी न वाचता ठोकली होती. दोघींनीही.

चार दिवसांनी बोलावणं आलं. त्या विषयाच्या प्राध्यापकांच्या टेबलावर दोन छापील प्रती शेजारीशेजारी ठेवल्या होत्या. रूममेटने नावं थोडी बदलली होती, ओळी वरखाली केल्या होत्या. पण प्रोग्राममधल्या एका गोष्टीला मी गमतीने मराठी नाव दिलं होतं, 'रिकामा डबा'. तो डबा तिच्या प्रोग्राममध्येही तसाच रिकामा बसला होता. प्राध्यापकांनी त्यावर पेन ठेवून विचारलं, "हा कुठला शब्द?" मग विचारलं, "हे कोणी लिहिलं?" मी म्हटलं, "दोघींनी मिळून." त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. शांतपणे, आवाज न चढवता. मैत्रिणीला वाचवण्यासाठी मी खोटं बोलत होते आणि समोरचा माणूस माझ्या उत्तराची खरंच वाट बघत होता. तिसऱ्यांदा मात्र माझ्याच्याने ते झालं नाही.

ते म्हणाले, "तू तिला मदत केलीस असं तुला वाटतंय. तिला हा विषय समजलेला नाही, हे मला कळायची एकच वाट होती. ती तू बंद केलीस." दोघींना शून्य. पुन्हा घडलं तर पुढची कारवाई. सरासरी ३.० च्या खाली गेली तर माझं काम जाणार होतं, काम गेलं तर फी माफी जाणार होती आणि मग कराडचं ते घर. त्या रात्री मी घरी फोन केला. आईने विचारलं, "कसं चाललंय गं?" मी म्हटलं, "मस्त." कॉलिंग कार्डाची मिनिटं संपेपर्यंत मी बर्फाबद्दल बोलत राहिले. बर्फ अजून पडायचा होता.

माझी सरासरी थोडक्यात वाचली. रूममेटची नाही वाचली. पुढचं सेमिस्टर तिला ताकिदीखाली काढावं लागलं. मला वाटे, तिच्यामुळे मी बुडत होते. तिला वाटे, मी सरांपुढे कबूल करून तिला तोंडघशी पाडलं. एकाच स्वयंपाकघरात आम्ही तीन महिने एकमेकींशी बोललो नाही. ती आठला जेवायची, मी नऊला.

त्या दिवसांत विद्यापीठात ठेवलेल्या एका यंत्रापुढे मी बऱ्याचदा उभी राहायचे. जॉन अ‍ॅटनासॉफ आणि त्यांचा विद्यार्थी क्लिफर्ड बेरी यांनी १९३९ ते १९४२ या काळात याच विद्यापीठात एका तळघरात इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर बनवला होता. मूळ यंत्र पुढे मोडीत निघालं, मी पाहिली ती १९९७ साली बनवलेली प्रतिकृती. जॉन मॉकली १९४१ मध्ये अ‍ॅटनासॉफ यांच्याकडे येऊन राहिले होते आणि अ‍ॅटनासॉफ यांनी त्यांना सगळं मोकळ्या मनाने दाखवलं होतं. नंतर मॉकली आणि त्यांच्या सहकाऱ्याचा एनिॲक जगभर गाजला. अखेर १९७३ मध्ये न्यायालयाने एनिॲकचं पेटंट रद्द केलं आणि मूळ कल्पना अ‍ॅटनासॉफ यांच्याकडून आली होती असा निकाल दिला. तीस वर्षं लागली, 'हे कोणी लिहिलं?' या प्रश्नाचं उत्तर मिळायला. तो प्रश्न माझ्यापुरता नव्हता, एवढं मला त्या यंत्रापुढे कळलं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे त्यांचं सगळं बरोबर आणि आपलं चूक. मलाही जानेवारीपर्यंत तसंच वाटत होतं. मी हुशार मुलगी, भराभर शिकत होते. नको असेल तर नको, समजलं नाही तर नाही. शब्दाला शब्दाएवढाच अर्थ. सोपं वाटायला लागलं होतं.

मग तिसरा शब्द आला. 'मी ठीक आहे.'

फेब्रुवारी २००३ मध्ये माझी आजी गेली. तुमच्यापैकी अनेकांनी तिच्या हातची धपाटी खाल्ली आहेत. पहाटे फोन आला. जाण्याएवढे पैसे नव्हते आणि गेले असते तरी पोहोचेपर्यंत दिवस होऊन गेले असते. मी तोंड धुतलं आणि प्रयोगशाळेत गेले. कुठे जायचं तेच सुचत नव्हतं. सोबतच्या मुलांना कळलं. सगळे खरोखर हळहळले. प्रत्येक जण म्हणाला, "काही लागलं तर सांग. तू ठीक आहेस ना?" मी म्हटलं, "मी ठीक आहे." आणि त्यांनी ते मानलं. जसं त्या आजींनी माझं 'नको' मानलं होतं, तसंच. त्यांची काही चूक नव्हती. मीच तसं म्हटलं होतं. पण दिवसभर मला वाटत होतं, कोणीतरी यावर विश्वास ठेवू नये.

रात्री नऊ वाजता मी स्वयंपाकघरात नुसतीच बसले होते. रूममेट आली. तीन महिन्यांत आम्ही बोललो नव्हतो. तिला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. तिने काही विचारलं नाही. दहीभात कालवला, त्यावर तिच्या घरचं आवकाय लोणचं घातलं आणि ताटली माझ्यासमोर सरकवली. मी म्हटलं, "नको." तिने ऐकलंच नाही. समोर खुर्ची ओढून बसली, म्हणाली, "खा." मी पुन्हा नको म्हटलं. तिने चमच्यात घास घेतला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

मी तेव्हा पहिल्यांदा रडले.

त्यानंतर आम्ही पुन्हा एकत्र अभ्यासाला बसू लागलो. फाइल द्यायची नाही, हा नियम. ती अडली की मी विचारायचे, "कुठपर्यंत समजलं, ते सांग." ती सांगायची आणि सांगतासांगता तिलाच तिची चूक सापडायची. कधी माझीसुद्धा. पुढच्या दोन्ही सेमिस्टरना ती माझ्यापेक्षा चांगल्या गुणांनी पास झाली. आजही माझ्या वाढदिवसाला पहिला फोन तिचाच असतो आणि ती नमस्कारही न करता विचारते, "रिकामा डबा कसा आहे?"

२०११ मध्ये आम्ही पुण्याला परत आलो. आता माझ्या हाताखाली पंधरा-सोळा तरुण मुलंमुली काम करतात. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये विचारलं की उत्तर ठरलेलं, "होतंय, मॅडम." "जवळजवळ झालंच." हे 'जवळजवळ' कधीकधी तीन आठवडे चालतं. त्यांच्यात मला सप्टेंबर २००२ मधली मी दिसते. म्हणून मी 'समजलं का?' विचारायचं सोडून दिलं. "काय समजलं ते मला सांग," असं म्हणते. ज्याला समजलं नाही त्याला आधी मी सांगते की मला स्वतःला यातलं काय येत नाही. सुरुवातीला मुलं घाबरतात. महिनाभराने हात वर यायला लागतात. आणि एखादा जण चार दिवस गप्प असेल, विचारल्यावर "मी ठीक आहे" म्हणत असेल, तर ते मात्र मी मानत नाही. दोन चहा घेते आणि त्याच्या शेजारी जाऊन बसते.

परदेशी निघालेली मुलं माझ्याकडे सल्ला विचारायला येतात. कुठला कोट घ्यायचा, कुकर न्यायचा का. ते मी सांगतेच. पण आता हेही सांगते की सही करण्याआधी वरची ओळ वाचा. समजलं नसेल तर त्याच दिवशी सांगा, पंधरवड्याने नाही. पाय हवा असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा. आणि खोलीवरचा कोणी 'ठीक आहे' म्हणाला तर एकदा तरी आपल्या पद्धतीने त्याचं ऐकू नका.

जाता जाता एक जुना हिशोब मिटवायचा आहे. आपल्या गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, दहावीच्या भूमितीत तुम्ही वर्तुळाच्या स्पर्शिकेचं प्रमेय शिकवलंत आणि विचारलंत, "समजलं का?" सगळ्या वर्गात माझा "हो" सर्वांत मोठा होता. बाई, मला ते समजलं नव्हतं. मी पाठ करून लिहिलं आणि पूर्ण गुण मिळवले. दोन वर्षांपूर्वी मुलीचा अभ्यास घेताना ते मला पहिल्यांदा खरं समजलं. तुम्ही नीटच शिकवलं होतंत. मी विचारलं नव्हतं.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, जेवणाची पानं मांडून झाली आहेत असं कळतंय. मी मघाशी आत डोकावून आले, पुरणपोळी आहे. एवढंच सांगून ठेवते, मी पहिल्यांदा "नको" म्हणेन. त्यावर विसंबू नका.